जोगवा मागणाऱ्याचे मन

‘जोगवा’ हा शब्द आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांना परका नाही. नवरात्रात, किंवा नवस फेडायचा असला तर एखाद्या मंगळवारी वा शुक्रवारी, हातात परडी घेऊन देवीच्या नावाने पाच घरी जोगवा मागण्याची रीत दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात अजूनही कोठे कोठे पाळली जाते. मागणारी सुवासिनी चांगल्या घरची असते, वाढणारीही चांगल्या घरची असते. पसाभर तांदूळ परडीत पडतात, कपाळाला कुंकू लागते आणि दोघी हसून निरोप घेतात. एकनाथमहाराजांनी जोगव्याचे भारूड रचले, तेही आपल्याकडे आवडीने म्हटले जाते. परंतु हाच शब्द ज्यांच्या आयुष्याला जन्मभरासाठी बांधला जातो, ज्यांना संध्याकाळी परडी घरी ठेवून मोकळे होता येत नाही, कारण ठेवावयास घरच उरलेले नसते, अशी माणसे कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांतील एका तरुणाच्या मनाची गोष्ट सांगणारा ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ च्या सप्टेंबरात प्रदर्शित झाला. त्यातले गाणे आपण सर्वांनी उचलले; चित्रपट मात्र फार थोड्यांनी पाहिला असावा, असे मला दिसते.

असे म्हणण्यास माझा व्यवसायच कारण आहे. मी गाणे शिकवितो. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी निम्मी तरी कधी ना कधी ‘जीव दंगला’ शिकवा म्हणून हट्ट धरतात. साखरपुडा असो, हळद असो, हे गाणे झाल्यावाचून कार्य पार पडत नाही. हरिहरन यांच्या जागा सहीसही घेणारे तरुण आपल्या शहरात पुष्कळ आहेत, आणि श्रेया घोषाल यांचा तो हळवा सूर पकडू पाहणाऱ्या मुली त्यांहूनही अधिक. पण हे गाणे ज्याच्या मनातून उमटते तो पुरुष पडद्यावर कोण आहे, असे विचारले की बहुतेक मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. तो नवरदेव नव्हे. तो देवीला सोडलेला, लुगडे नेसविलेला जोगता आहे. आणि ज्या बाईवर त्याचा जीव जडला आहे तीही देवीला सोडलेली जोगतीण आहे. या दोघांना लग्नाचा अधिकार नाही. म्हणजे आपण हळदीला जे गाणे लावतो ते हळद ज्यांना कधीच लागू नये असे गावाने ठरविले आहे, अशा दोघांचे गाणे आहे!

चित्रपटाविषयी थोडी माहिती द्यावयास हवी. दिग्दर्शक राजीव पाटील. ‘सावरखेड एक गाव’ आणि ‘सनई चौघडे’ हे त्यांचे आधीचे चित्रपट वाचकांस स्मरत असतील. २०१३ साली, ऐन उमेदीच्या वयात, ते गेले. कथानकाचा आधार मोठा भक्कम आहे: राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा. गवस हे गडहिंग्लज भागातले. पुढे ‘तणकट’ या कादंबरीसाठी त्यांस २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी हे जग प्रवासी म्हणून पाहिलेले नाही, ते त्यांच्या शेजारचे जग आहे. चित्रपटाचे लेखन आणि गीते संजय कृष्णाजी पाटील यांची, संगीत अजय-अतुल यांचे. २००८ या वर्षासाठीच्या ५६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या एका मराठी चित्रपटाने पाच पुरस्कार नेले. सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपट म्हणून एक, तायप्पाचे काम करणारे उपेंद्र लिमये यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा, अजय-अतुल यांना संगीताचा, आणि हरिहरन व श्रेया घोषाल या दोघांना पार्श्वगायनाचे. एवढा मान मिळूनही आपल्यासारख्या घरांतून तो अर्धवटच पोहोचावा, याला कारण असले पाहिजे.

कथा साधी आहे. सुलीच्या केसांत जट होते. जट म्हणजे देवीची खूण, असा समज. मग पोरीला यल्लम्माच्या नावाने सोडायचे. तायप्पा हा चांगला बळकट अंगाचा गडी. त्यालाही देवीने झाड धरावे तसे धरले आहे असे ठरते, आणि घरचेच त्याच्या अंगावर लुगडे चढवितात, गळ्यात कवड्यांची माळ घालतात, कपाळी भंडारा माखतात. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन आला की तो आता पुरुष राहिला नाही असे सर्वांनी मानावयाचे. देहाने पुरुष, मनाने पुरुष, वेष बाईचा, आणि पोट दारोदारच्या पिठामिठावर. मुक्ता बर्वे यांची सुली आणि लिमये यांचा तायप्पा एकाच मेळ्यात चालतात, एकाच झाडाखाली भाकरी सोडतात, आणि ज्या गोष्टीला बंदी आहे तीच हळूहळू त्यांच्यात घडत जाते. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

लिमये यांच्या कामात मला सर्वांत अधिक भावली ती चाल. लुगड्याच्या निऱ्या ज्याच्या पायांत सतत अडखळतात, पण गावासमोर अडखळण्याची ज्याला चोरी आहे, अशा माणसाची ती चाल आहे. बाईचा अभिनय करणारा पुरुष असा तो कधीच वाटत नाही. आपल्यावर लादलेल्या वेषात आपले हातपाय कोठे ठेवावेत हे न कळणारा माणूस वाटतो. आपल्या वडिलधाऱ्यांनी बालगंधर्व पाहिले होते. गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता, आणि बालगंधर्वांच्या लुगड्याची, शेल्याची, अंबाड्यात माळलेल्या फुलांची नक्कल कुलीन घरांतील स्त्रिया करीत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पुरुषाच्या लुगड्याने आपल्या अंगावर कधी काटा आला नाही. दारात उभ्या असलेल्या जोगत्याच्या लुगड्याने मात्र येतो. लुगडे तेच. एक पालखीतून आले, दुसरे पायी. एवढाच काय तो फरक, असे मी एकदा आमच्या मित्रमंडळींत म्हटले तेव्हा चहा थंड होईपर्यंत वाद झाला.

‘नटरंग’ हा चित्रपट ‘जोगवा’नंतर तीनच महिन्यांनी, २०१० च्या पहिल्या दिवशी आला. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधव यांचे दिग्दर्शन, आणि संगीत पुन्हा अजय-अतुल यांचेच. त्यातला गुणा कागलकर कलेपायी नाच्या होतो आणि त्याची भयंकर किंमत मोजतो. तो चित्रपट आपल्या घरांनी मुलाबाळांसह पाहिला, कारण नाच्याच्या मागे लावणी होती, ढोलकी होती, आणि त्याने ते आपणहून पत्करले होते. तायप्पाने काहीच पत्करलेले नाही. कलावंत म्हणून त्याची गय करावी अशी सोयही तो आपल्याला देत नाही.

आता थोडे गाण्याविषयी, कारण तो माझा प्रांत. जोगत्यांचे मुख्य वाद्य चौंडके. पितळेचे किंवा लाकडाचे लहानसे नळकांडे, एका तोंडाला कातडे ताणलेले, दुसरे तोंड उघडे. कातड्याच्या मध्यातून आतड्याची तात ओवून ती बाहेर काढलेली असते आणि तिच्या टोकाला एक लहान मूठ असते. नळकांडे काखेत दाबून धरायचे, एका हाताने तात ताणायची आणि दुसऱ्या हाताने ती छेडायची. ताण वाढविला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. म्हणून ते तालवाद्य असूनही बोलल्यासारखे, किंबहुना हुंदका दिल्यासारखे वाजते. जोडीला तुणतुणे. या दोघांवर रात्र रात्र देवीची गाणी चालतात. अजय-अतुल यांनी या आवाजाला मोठ्या वाद्यमेळाची जोड दिली आहे. ‘लल्लाटी भंडार’ या गाण्यात, जिथे अजय यांचा स्वतःचा आवाज आहे, ती जोड अंगावर येते आणि शोभतेही. गोंधळाचा तो उसळता रंग त्यांना नेमका सापडला आहे. परंतु काही ठिकाणी वाद्यमेळ इतका भव्य होतो की चौंडक्याचा हुंदका त्यात बुडतो, असे मला वाटते. हे एका शिक्षकाचे कुरकुरणे समजावे.

‘जीव दंगला’चे मात्र आश्चर्य वाटते. हरिहरन मूळचे तमिळ घरातले, श्रेया घोषाल बंगाली. कोल्हापुरी खेड्यातल्या बोलीत लिहिलेले गाणे दोघे परप्रांतीय गातात आणि ते कोठेही उपरे वाटत नाही. हरिहरन यांच्यावर गझलेचे संस्कार आहेत. गझलेत शब्द उच्चारण्याआधी एक दम घेण्याची जी सवय असते, ती येथे लाजण्यासारखी ऐकू येते. ज्याला आपल्या पुरुषी आवाजात बोलण्याचीच मुभा नाही तो पहिल्यांदा त्या आवाजात बोलतो तेव्हा असाच दबकत बोलेल. आमच्या शहरातील गुणी मुले हे गाणे खणखणीत आवाजात, दोन्ही हात पसरून गातात. सूर बरोबर असतात. दबकणे कोणाला जमत नाही.

जोगत्याला देवीचा म्हणून नमस्कार करणारे गाव रात्री त्याच्याशी कसे वागते, हा या विषयाचा आपल्याला नकोसा वाटणारा भाग. जोगतिणींचे शोषण होते हे आता कोणी नाकारीत नाही. कोल्हापूर दरबाराने शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १९२० साली, या चालीविरुद्ध कायदा केला, ही आपल्यासारख्या संस्थानी शहरातील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात, १९८२ साली कर्नाटकात आणि २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात देवदासी प्रथेला बंदी झाली. या सर्व कायद्यांच्या मथळ्यांत दासी आहे, दास नाही. तसाच प्रकार देहविक्रयाविषयीच्या कायद्याचा. १९५६ साली संसदेने तो केला तेव्हा त्याच्या नावातच ‘स्त्रिया आणि मुली’ असे शब्द होते. पुरुषाच्या देहाचाही बाजार भरतो, हे त्या कायद्याच्या भाषेत यावयास १९८६ ची दुरुस्ती व्हावी लागली. तीस वर्षे! त्या तीस वर्षांत असे तरुण नव्हते काय? मुंबईत होते, सांगली-मिरजेत होते, जत्रांच्या पालांतून होते. सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी करण्यास साहाय्य केले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्याच छत्राखाली या व्यवसायातील पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ नावाची संघटना आहे, हे आपल्या वाचकांपैकी किती जणांच्या कानी आले असेल?

येथे एक भेद सांगितला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सर्वच जोगते तायप्पासारखे जबरीने केलेले नसतात. काहींना पुरुषाचा देह मुळातच परका वाटतो, आणि देवीच्या नावाने मिळालेले लुगडे त्यांना लोकांच्या चेष्टेतून सुटका वाटते. अशांसाठी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी म्हणून जगण्याचा हक्क मान्य केला. २०१८ साली सज्ञान पुरुषांच्या परस्पर संमतीच्या प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्काही पुसला. आणि २०२२ साली, देहविक्रय करणाऱ्या व्यक्तीला इतर नागरिकांप्रमाणेच सन्मानाने वागवावे, असे पोलिसांना बजाविले. ‘जोगवा’चा सारा रोख तायप्पावर असल्याने, लुगडे ज्याला आपले वाटते अशा जोगत्याचे मन त्यात बाजूला राहते. ही उणीव मला जाणवली. परंतु दोघांचीही तहान एकच आहे, आणि ती मला नीट समजली ती किलवणीस.

किलवणी हे दादरा नगर हवेलीतले, सिल्वासाच्या परिसरातले गाव. (१९५४ साली या मुलखाच्या मुक्तीसाठी जी मराठी तरुण मंडळी गेली त्यांत आपले सुधीर फडके होते, गाणाऱ्या माणसाने त्या बाजूस जाताना हे विसरू नये.) दोन वर्षांमागे पावसाळ्यात मुलांच्या गायन शिबिराच्या निमित्ताने मला तेथे आठ दिवस राहावे लागले. वस्ती बहुतेक वारली, कोकणा आणि धोडिया लोकांची. कारखान्यांमुळे सिल्वासात चारी दिशांची माणसे आलेली, आणि गुजरातेत दारूबंदी असल्याने शनिवार-रविवारी आपल्याकडचेही पुष्कळ ‘पर्यटक’ तेथील हॉटेलांतून दिसतात. ते कशासाठी जातात हे सांगावयास नको. एका संध्याकाळी काम संपल्यावर शिक्षक मंडळींनी भिंतीवर पांढरी चादर लावली आणि माझ्या आग्रहाने ‘जोगवा’ सुरू केला. वीसेक माणसे होती. शिक्षक, त्यांच्या बायका, शाळेतले शिपाई, तारपा वाजविणारे एक वृद्ध वारली गृहस्थ, आणि आमच्याकडे कोरस सांभाळणारा एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण.

चित्रपट अर्ध्यावर आला असेल, आणि वीज गेली. बाहेर धो धो पाऊस. कंदील येईपर्यंत कोणी बोलेना. मग एका शिक्षकांनी, ‘असले दाखवायला नको होते, बायामाणसे आहेत,’ असे हळूच म्हटले आणि ते कुटुंबासह उठले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघे. तारपावाले बाबा मात्र ऐसपैस बसले होते. त्यांना एकच कळेना, आणि त्यांनी ते आपल्या बोलीत पुन्हा पुन्हा विचारले: देवी एवढी मोठी, तिला या पोराचे लग्न मोडून काय मिळाले? वारल्यांकडे लग्न लावते ती धवलेरी. गावातलीच बाई, ती गाणी म्हणून देव बोलाविते. देव बोलाविण्यासाठी कोणाचा संसार मोडावा लागत नाही, हे बाबांच्या दृष्टीने इतके उघड होते की आमचे स्पष्टीकरण त्यांना अडाण्याचे वाटले. तारप्याच्या नाचात माणसे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि वाजविणाऱ्याभोवती फिरतात. बाबा म्हणाले, हा पोर आमच्याकडे असता तर त्याला साखळीत मधे घेतला असता, कडेला नसता ठेवला.

त्या अंधारात तो तरुण माझ्याजवळ सरकून बसला. त्याच्या आवाजात एक निराळाच गोडवा होता, पट्टी बायकांची. हॉटेलांतल्या वाद्यवृंदात तो लताबाईंची आणि आशाबाईंची गाणी म्हणत असे, कधी कधी तसा वेष करूनही. एवढे मला माहीत होते. पुढचे त्याने त्या रात्री सांगितले, आणि ते सांगताना त्याचा सूर अगदी सपाट होता, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत. गाणे संपले की काही पाहुणे त्याला खोलीवर बोलावीत. पैसे देत. घरी आई आणि एक बहीण होती, पैशांची निकड होती, तेव्हा तो जात असे. त्याला त्या कामाची जेवढी लाज वाटे त्याहून अधिक वाईट वाटे ते सकाळचे. ‘रात्री बोलावणारे पुष्कळ, सर,’ तो म्हणाला. ‘सकाळी, चहा घेऊन जा, असं एकही म्हणाला नाही.’ एका गृहस्थावर त्याचा खराच जीव होता. ते महिन्यातून दोनदा येत, त्याचे गाणे डोळे मिटून ऐकत. एकदा ते बाजारात बायकोबरोबर दिसले तेव्हा याने नुसता नमस्कार केला, आणि त्यांनी, हा कोण, असे बायकोला विचारले.

मग थोडा वेळ गेल्यावर त्याने मला विचारले, ‘पुढं ह्याला घर मिळतं का, सर?’

मी म्हटले, वीज येऊ दे, पाहू.

तासाभराने वीज आली. तोवर सात-आठच माणसे उरली होती. त्याने शेवटपर्यंत पाहिला आणि काही न बोलता चादर उतरवून तिची घडी घातली. दुसऱ्या दिवशी मी त्याला ‘जीव दंगला’मधील पुरुषाची बाजू शिकविली, त्याच्या नेहमीच्या पट्टीहून बरीच खाली. त्या पट्टीत त्याने कधी गायिले नव्हते. दोन-तीनदा आवाज फाटला. चौथ्यांदा बसला तेव्हा तारपावाले बाबा, जे शिबिराकडे कधी फिरकत नसत, ते येऊन दारात उभे राहिले होते.

प्रेमाची ही तहान पडद्यावर दुसरीकडेही दिसते. २०१८ साली फ्रान्समध्ये कामिय विदाल-नाके या दिग्दर्शकाचा ‘सोव्हाज’ हा चित्रपट आला. नावाचा अर्थ रानवट. रस्त्यावर उभा राहून देह विकणारा बावीस वर्षांचा एक पोर, फेलिक्स मारितो या नटाने केलेला. त्यात काही प्रसंग इतके उघडे आहेत की कुटुंबासह पाहा, असे मी म्हणणार नाही. परंतु एक प्रसंग मी विसरू शकत नाही. तो पोर आजारी पडून दवाखान्यात जातो. डॉक्टरीण बाई त्याची तपासणी करते, जशी कोणाही रोग्याची करावी तशी, आपुलकीने. आणि तो एकाएकी तिला मिठी मारतो. त्या मिठीत वासनेचा लवलेश नाही. विकत न घेता कोणीतरी आपल्याला हात लावला, एवढेच त्याला पुरेसे होते. आपल्याकडचा ‘बी. ए. पास’ हा हिंदी चित्रपट, अजय बहल यांचा, याच धंद्यात ओढल्या गेलेल्या दिल्लीतील एका पोरक्या विद्यार्थ्याचा. मोहन सिक्का यांच्या कथेवरून तो घेतला आहे. शिल्पा शुक्ला यांचे काम त्यात उत्तम आहे. पण तो चित्रपट फसवणुकीच्या आणि सूडाच्या चक्रात लवकरच अडकतो, आणि त्या मुलाला काय हवे होते हे विचारावयास त्याला वेळ उरत नाही. ‘जोगवा’ तसा घाई करीत नाही. दोन माणसे एकमेकांना आवडू लागताना किती भितात हे तो सावकाश दाखवितो, आणि म्हणून मी त्याला या सर्वांत वरचे स्थान देतो.

आमच्या घराण्याचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात पोरवयातच चाकरीला लागले, संस्थान विलीन होण्याच्या थोडे आधी. मी त्यांचे उशिरा झालेले अपत्य. त्या कारखान्याच्या पटावर फैयाज खाँसाहेबांसारखे गवई होते, तसेच १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईसाहेबांच्या लग्नात आंदण म्हणून आलेल्या नर्तकींचेही घराणे होते. आंदण म्हणून भांडी येतात, घोडे येतात, तशा त्या आल्या! त्यांतील कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावूरकर यांनी पुढे आपल्याच संगीत महाविद्यालयात भरतनाट्यम शिकविले आणि आपल्या घरंदाज मुलींनी त्यांच्यापाशी धडे घेतले. म्हणजे ज्या परंपरेला आपल्या आजोबांनी दिवाणखान्याच्या पुढे येऊ दिले नाही, तिलाच आपल्या आयांनी गुरुदक्षिणा दिली. वडील या गोष्टी सांगताना कोणाची कीव करीत नसत. कोण कसे गात होते, कोणाची लय कशी होती, एवढेच सांगत. आणि कोणाच्या घरी कोण जेवावयास जात नसे, तेही सांगत.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आईने मला सांगितले, स्पर्धेसाठी ‘जीव दंगला’ बसवा, पण तो चित्रपट कशावर आहे ते मुलाला सांगू नका. मुलगा सतरा वर्षांचा आहे, मिसरूड फुटले आहे. बाई माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी म्हटले, वहिनी, शब्द कोणाच्या तोंडचे आहेत हे ठाऊक नसेल तर मला ते शिकविता येत नाहीत. मारव्यात षड्ज लपलेला असतो हे न सांगता मारवा शिकविता येत नाही, तसेच हे आहे. त्या म्हणाल्या, मारव्याने कोणाचे नाव खराब होत नाही. मी त्या आठवड्यात मोठ्या मुलांच्या वर्गाला तायप्पाची गोष्ट सांगितली, साध्या शब्दांत, जेवढी सांगावी तेवढीच. पुढच्या सोमवारी दोन जागा रिकाम्या होत्या. तो सतरा वर्षांचा मुलगा आला होता. त्याने गाणे सुरू केले तेव्हा हात पसरले नाहीत.

येत्या कोजागिरीस आमच्या वर्गाचा नेहमीचा कार्यक्रम आहे. कोल्हापुराहून एक चौंडके मागविले आहे. तात ओढून धरताना मुलांच्या बोटांना फोड येतात, सूर अजून स्थिर राहत नाही, तोवर होईल. किलवणीचा तो तरुण यावयाचा आहे. हॉटेलातले गाणे त्याने सोडलेले नाही, सोड असे मी त्याला म्हटलेलेही नाही. तो दोन दिवस आमच्याकडे राहील. आठ वाजता मी दहा मिनिटे ‘जोगवा’विषयी बोलणार आहे. ज्यांना ते ऐकावयाचे नसेल त्यांनी सव्वाआठास यावे. गाणी तेव्हा सुरू होतील. दूध सर्वांना आहे.